थेट मोबाइलवर उपग्रह ब्रॉडबँड : चाचण्या

निम्न भू-कक्षेतील (पृथ्वीपासून काहीशे किमी. उंचीवरच्या) उपग्रहाकडून मोबाइल टॉवरचे काम करून घेऊन नेहमीच्या फोनवर इंटरनेट पोचवण्याचे प्रयोग. उपग्रह फोन पूर्वीपासून आहेत, पण त्यांना वेगळा संच लागतो. येथे खिशातला फोन आहे तसाच राहिला पाहिजे, ही अट आहे. बहुतेक अडचणी त्या अटीतूनच निघतात.

फोनची प्रक्षेपणशक्ती जेमतेम ०.२ वॉट. ५०० किमी. उंचीवर पोचेपर्यंत त्याचा संकेत इतका क्षीण होतो, की तो टिपायला उपग्रहावर फार मोठा अँटेना हवा. त्यातच उपग्रह सेकंदाला सुमारे ७.५ किमी. वेगाने पळत असतो. डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे स्रोताच्या गतीने लहरींची वारंवारता बदलत असल्यामुळे, ८५० मेगाहर्ट्झचा संकेत उपग्रह क्षितिजाजवळ असताना सुमारे २० किलोहर्ट्झने सरकतो. ४जीत लगतच्या उपवाहकांमधले (संकेत ज्या बारीक वारंवारतांत वाटला जातो त्यांच्यामधले) अंतर मात्र १५ किलोहर्ट्झ असते. ४जीची मूळ रचना टॉवरपासून फार तर १०० किमी.वरील फोनसाठी आहे, त्यामुळे संकेताला लागणारा उशीरही तिच्या मर्यादेबाहेर जातो. या दोन्ही गोष्टी फोनला पत्ता लागू न देता यंत्रणेनेच सावरून घ्यायच्या असतात. चाचण्यांचा खरा विषय हाच आहे.

लिंक या अमेरिकी कंपनीने २०२० मध्ये अंतराळातून साध्या फोनवर लघुसंदेश पाठवला. ब्रॉडबँडचा पल्ला त्याहून लांबचा. एएसटी स्पेसमोबाइल या कंपनीचा ब्लूवॉकर-१ हा छोटा उपग्रह १ एप्रिल २०१९ रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रोच्या पीएसएलव्ही-सी४५ या रॉकेटने कक्षेत गेला. ४जी प्रणालीतला विलंब आणि डॉप्लर सांभाळता येतो का, हे त्यावर तपासायचे होते. त्यानंतरचा ब्लूवॉकर-३ (सप्टेंबर २०२२) ६४ चौ.मी.चा अँटेना उलगडून उभा राहिला. २५ एप्रिल २०२३ रोजी त्याच्यामार्फत टेक्ससमधील मिडलंड परिसरातून जपानला आवाजी कॉल लागला. फोन बाजारात मिळणारा सॅमसंग गॅलेक्सी एस२२, स्पेक्ट्रम (रेडिओ लहरींचा पट्टा) एटी अँड टी या मोबाइल कंपनीचा. जूनमध्ये ४जीवर डाउनलोडचा वेग सेकंदाला १० मेगाबिटच्या पुढे गेला. सप्टेंबरमध्ये हवाईतील माउई बेटावरच्या, टॉवरचे नेटवर्क नसलेल्या जागेवरून माद्रिदला ५जी कॉल झाला आणि वेग १४ मेगाबिटवर पोचला. शहरात हा वेग किरकोळ वाटेल. जिथे काहीच पोचत नाही तिथे तो मोठा आहे. मात्र एकटा उपग्रह एका जागेवरून काही मिनिटेच दिसतो, म्हणून अखंड सेवेला उपग्रहांचा ताफा लागतो.

मोठ्या अँटेनाची किंमत खगोलशास्त्रज्ञही मोजतात. अँटेना उलगडल्यावर ब्लूवॉकर-३ आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांच्या पंक्तीत बसेल इतका चमकू लागला, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत आढळले. अशा चमकेने आकाशनिरीक्षणात अडथळा येतो, ही त्यांची हरकत गंभीर आहे, कारण पुढचे उपग्रह आणखी मोठे आहेत. २४ डिसेंबर २०२५ रोजी इस्रोच्या एलव्हीएम३-एम६ने श्रीहरिकोट्याहूनच सोडलेल्या, एएसटी स्पेसमोबाइलच्याच ब्लूबर्ड ब्लॉक-२ उपग्रहाचे वजन सुमारे ६,१०० किग्रॅ. असून अँटेना २२३ चौ.मी.चा आहे.