पेम्फिगसची पल्स: वाद नेमका कुठून सुरू झाला

पुण्यात आज कुणाला पेम्फिगस, म्हणजे अंगावर आणि तोंडात फोड येणारा आजार, निघाला की घरात पहिली चर्चा होते ती पल्स (महिन्यातून तीन दिवस शिरेतून स्टेरॉइडचा मोठा डोस) घ्यायची की रिटुक्सिमॅब हे नंतर आलेलं औषध. त्यात पल्स म्हणजे जुनाट, गरिबांसाठीची ट्रीटमेंट असा एक सूर हल्ली लागतो, तो मला अजिबात पटत नाही, म्हणून मागचं थोडं लिहितेय.

आजाराला युरोपात नाव मिळालं 18 व्या शतकाच्या अखेरीस, पण त्यानंतर दीडशे वर्षं डॉक्टरांच्या हातात काही नव्हतं. फोड फुटायचे, कातडी उघडी पडायची, अंगातलं पाणी आणि प्रोटीन झिरपून जायचं, मग इन्फेक्शन, आणि बहुतेक पेशंट काही वर्षांत जायचे. 1950 च्या आसपास स्टेरॉइड आलं आणि लोक वाचायला लागले. पेशंटच्या रक्तातच स्वतःच्या कातडीविरुद्ध अँटीबॉडी असतात हे 1964 मध्ये दिसलं, आणि त्या अँटीबॉडी पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन या प्रोटीनवर जाऊन बसतात हे त्याच्याही बरंच नंतर. यातलं एक डेस्मोग्लीन तोंडाच्या आतल्या अस्तरात महत्त्वाचं, त्यामुळे कित्येकांना आधी महिनोन्‌महिने नुसतं तोंड येतं, भाकरीचा तुकडा गिळवत नाही, बी-कॉम्प्लेक्स घेण्यात आणि दाताच्या डॉक्टरकडे चकरा मारण्यात वेळ जातो आणि अंगावर फोड मग येतात.

स्टेरॉइडने जीव वाचला पण रोज मोठा डोस घेऊन शरीराचं व्हायचं ते झालंच. शुगर वाढणं, चेहरा सुजणं, हाडं ठिसूळ होणं, खुब्याचा सांधा निकामी होणं, आणि आपल्याकडे तर अंगात दबून असलेला टीबी उफाळणं.

1980 नंतर लगेचच दिल्लीच्या एका मोठ्या सरकारी संस्थेत पल्सचं जे ठरलं ते या पार्श्वभूमीवर. किडनी बदललेल्या पेशंटला स्टेरॉइडचा प्रचंड डोस थोडे दिवस शिरेतून द्यायची पद्धत होती, तीच कातडीच्या आजाराला लावली, पण तिकडे वापरायचे ते मिथाइलप्रेडनिसोलोन इथे महाग, म्हणून साधं स्वस्त डेक्सामेथासोन घेतलं. 100 मिलिग्रॅम, ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीतून, सलग तीन दिवस, दुसऱ्या दिवशी त्यात सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध 500 मिलिग्रॅम, मग दर 28 दिवसांनी परत हेच, आणि मधल्या काळात सायक्लोफॉस्फामाइडची 50 ची गोळी रोज. फोड पूर्ण गेले तरी थांबायचं नाही, अजून नऊ पल्स, त्यानंतर नऊ महिने नुसती गोळी. प्रेडनिसोलोनच्या (रोजच्या गोळीतल्या स्टेरॉइडच्या) हिशोबात एका दिवसाचा डोस साडेसहाशे मिलिग्रॅमच्या वर जातो, म्हणजे तेव्हा हे करायला छाती लागत होती.

वाद इथेच आहे. 28 दिवसच का, 100 मिलिग्रॅमच का, याला आधी केलेल्या तुलनेचा आधार नव्हता. अर्धे पेशंट पल्सवर, अर्धे रोजच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांवर, असा मोठा अभ्यास झालाच नाही, 2005 च्या सुमारास जर्मनीत एक छोटी तुलना झाली आणि तिच्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. पल्सच्या बाजूचे म्हणतात की शेकडो पेशंट औषध बंद करून वर्षानुवर्षं बरे राहिले हे डोळ्यांनी दिसत होतं आणि गोळ्यांवर माणसं मरत असताना त्यांना तुलनेसाठी तिकडे ठेवायचं कसं. मला हे म्हणणं बरोबर वाटतं. पण दुसरी बाजू सायक्लोफॉस्फामाइडची, आणि ती हलकी नाही. या हिशोबाने वर्षाला साधारण 24 ग्रॅम औषध अंगात जातं, त्याने पाळी कायमची बंद होऊ शकते, पुरुषांमध्ये शुक्राणू संपू शकतात. पंचविशीतल्या मुलीला जीव आणि मूल यातलं एक निवड असं सांगितल्यासारखंच ते. पुढे लग्न किंवा मूल व्हायचंय अशांना नुसतं डेक्सामेथासोन किंवा जोडीला अझाथायोप्रिन (तेही प्रतिकारशक्ती दाबणारंच) द्यायला लागले, पण सगळीकडे हा प्रश्न औषध सुरू करायच्या आधी विचारला जात होता असं नाही, आणि माझ्या मते या सगळ्यातली खरी चूक ती आहे.

पुण्यात पल्स रुळली त्याचं कारण साधं आहे. साताऱ्याहून, सोलापूरहून, नगरहून पेशंट एसटीने स्वारगेटला उतरायचा, तीन दिवस ॲडमिट व्हायचा, की परत महिन्याने. मी वॉर्डात पाहिलंय, अंगभर सोललेल्या बाईला चादर चिकटू नये म्हणून नातेवाईक मार्केट यार्डातून केळीची पानं आणायचे, धुऊन, पुसून, त्यावर तिला झोपवायचे, आणि बाजूला दोन-तीन तास सावकाश बाटली चालू. महिन्यातले तीन दिवस बुडतात, पण बाकीचे दिवस शेतावर जाता येतं हे त्या घरांसाठी फार मोठं होतं.

रिटुक्सिमॅब मूळचं लिम्फोमा या कॅन्सरचं, 1997 चं. 2007 मध्ये देशी कंपनीने ते बनवलं आणि किंमत उतरली. 2017 मध्ये फ्रान्समधल्या 90 पेशंटच्या अभ्यासात दोन वर्षांनी औषधाशिवाय बरे असलेले रिटुक्सिमॅबच्या गटात 89 टक्के आणि नुसत्या स्टेरॉइडच्या गटात 34 टक्के निघाले, पुढच्याच वर्षी अमेरिकेत मंजुरी मिळाली. लक्षात घ्या, तुलना रोजच्या गोळ्यांशी होती, पल्सशी नव्हती. एक-एक ग्रॅमचे दोन डोस, पंधरा दिवसांच्या अंतराने, त्याआधी टीबी आणि हिपॅटायटिस बी ची तपासणी. मूल हवं असलेल्यांसाठी हा पर्याय चांगला, यात वाद नको. पण हे औषध अँटीबॉडी बनवणाऱ्या यंत्रणेचाच मोठा भाग महिनोन्‌महिने बंद पाडतं, त्यामुळे कोविडमध्ये अशा पेशंटना लस घेऊनही अँटीबॉडी नीट तयार होईनात आणि डोस पुढे ढकलायची वेळ आली. शिवाय पुष्कळांना वर्ष-दोन वर्षांत फोड परत येतात, पुन्हा डोस घ्यावा लागतो, तेव्हा खर्चाचा हिशोब पहिल्या दोन डोसवर संपवून चालत नाही.