करुणामूल्ये, कॅथलिक उच्च शिक्षणातील

दया हे ख्रिस्ती तत्त्व केवळ दानधर्मापुरते न ठेवता कॅथलिक महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या अध्यापनात, संशोधनात आणि कारभारात मुरवण्याच्या प्रयत्नाला ही संज्ञा लावतात. तिचे दोन अर्थ रूढ आहेत. संकुचित अर्थाने शिष्यवृत्त्या, वस्तीतील सेवाशिबिरे, रक्तदान असे शिकवण्याच्या जोडीने चालणारे उपक्रम तिच्यात येतात. व्यापक अर्थाने शिकवणे हेच दयेचे कृत्य ठरते, आणि मग प्रश्नपत्रिका काढण्यापासून प्राचार्य निवडण्यापर्यंत सर्वच गोष्टी तिच्या कक्षेत येतात. प्रस्तुत नोंदीत दुसरा अर्थ मुख्य धरला आहे, कारण मूळ धर्मशास्त्रीय मांडणी त्यालाच अधिक जवळची आहे. भारतातील उदाहरणे ठाणे-नवी मुंबई परिसरातून घेतली आहेत.

संज्ञा : लॅटिनमधील ‘मिझेरिकॉर्दिया’ हा शब्द ‘दुःखी’ आणि ‘हृदय’ या अर्थाच्या दोन शब्दांपासून बनला आहे. दुसऱ्याच्या दुःखाने हृदय हेलावणे आणि शक्य असेल तर साहाय्य करण्यास प्रवृत्त होणे, अशी त्याची व्याख्या संत ऑगस्टीनने केली व पुढील परंपरेने ती स्वीकारली. हिब्रू बायबलमध्ये यासाठी मुख्यतः दोन शब्द येतात. ‘हेसेद’मध्ये करारातील निष्ठा अभिप्रेत आहे, तर ‘रहामीम’ हा शब्द गर्भाशयवाचक धातूशी संबंधित असून त्यात आईच्या मायेची छटा आहे. मराठी भाषांतरात ही वाटणी काटेकोर राहिलेली नाही. एक्कावन्नाव्या स्तोत्रात ‘हेसेद’साठी ‘वात्सल्य’ व ‘रहामीम’साठी ‘करुणा’ येते, पण एकशे छत्तिसाव्या स्तोत्राच्या पालुपदात तोच ‘हेसेद’ ‘दया’ होतो. ‘कृपा’ हा शब्द मराठी ख्रिस्ती परिभाषेत बहुधा ईश्वराच्या विनामूल्य देणगीसाठी राखलेला असल्याने येथे तो टाळणे बरे. ‘दया’ मराठीत वरून खाली वाहते, म्हणजे करणारा थोर आणि घेणारा दीन, असा तिचा सूर आहे. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या नात्यासाठी म्हणून ‘करुणा’ अधिक सोयीची वाटते. अर्थात करुणेलाही स्वतःचा इतिहास आहे. ठाणे व नवी मुंबईतील वर्गांत बौद्ध कुटुंबांतून आलेली मुले असतात आणि त्यांना हा शब्द धम्माचा म्हणून परिचित असतो. हे लक्षात न घेता तो वापरला, तर दोन्ही परंपरांचा अर्थ पातळ होतो.

दयेची कृत्ये आणि अध्यापनाचे स्थान : मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस आणि बंदिवानाची भेट अशी सहाच कृत्ये आहेत. सातवे, मृताला मूठमाती देणे, कॅथलिक बायबलमधील तोबीतच्या ग्रंथातून आले असे मानतात. चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टॅन्शियस या ख्रिस्ती लेखकाने अनाथ-परक्यांच्या दफनाला मोठे पुण्यकर्म म्हटले होते. मात्र सात शारीरिक व सात आध्यात्मिक अशी चौदा कृत्यांची बांधीव यादी स्थिरावण्याचा काळ सामान्यतः बाराव्या-तेराव्या शतकांचा धरला जातो.

विद्यापीठाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा आध्यात्मिक यादीत आहे. तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ संत थॉमस अक्वायनस याने ही चौदा कृत्ये स्मरणात ठेवण्यासाठी प्रचलित असलेल्या लॅटिन पद्यपंक्ती दिल्या आहेत. शारीरिक कृत्यांच्या ओळीत सात क्रियापदे आहेत, आध्यात्मिक कृत्यांच्या ओळीत सहाच. सल्ला दे, समज दे, सांत्वन कर, क्षमा कर, सहन कर, प्रार्थना कर, इतकेच त्यात आहे. अज्ञाला शिकवणे हेही सात आध्यात्मिक कृत्यांपैकी एक, पण त्यासाठी स्वतंत्र शब्दच नाही. सल्ला आणि शिकवण ही दोन्ही एकाच शब्दात समजून घ्यावीत, असा खुलासा अक्वायनसला करावा लागला. वृत्ताच्या सोयीसाठी एक शब्द गाळला गेला, असे याचे साधे स्पष्टीकरण आहे. उलट, शिकवणे आणि शंकाकुलाला वाट दाखवणे यांत मध्ययुगीन मनाने फारसा भेदच केला नसावा, असेही म्हणता येते. दुसरी उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते, कारण अक्वायनसने त्याच ठिकाणी या दोन्हींना बुद्धीच्या उणिवेवरचे उपाय म्हणून शेजारी बसवले आहे.

लगेच पुढे तो एक प्रश्न उपस्थित करतो. आध्यात्मिक दान श्रेष्ठ की शारीरिक? तत्त्वतः आध्यात्मिक, पण विशिष्ट प्रसंगी शारीरिक, असे त्याचे उत्तर आहे. उपाशी माणसाला शिकवण्याआधी जेवू घालावे, असे सांगताना तो ॲरिस्टॉटलचा आधार घेतो. शिवाय दया न्यायाला मोडीत काढत नाही, तर त्याला पूर्णत्व देते, हेही त्याचेच प्रतिपादन आहे. आजच्या चर्चेत ही दोन विधाने एकत्र वाचणे आवश्यक ठरते.

संस्थात्मक उगम : या मूल्यांना उच्च शिक्षणात केव्हापासून स्थान मिळाले याबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक मूळ मध्ययुगीन विद्यापीठांत शोधतात. काही आयर्लंडमधील ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ या धर्मसंघाकडे बोट दाखवतात. संघाची संस्थापिका कॅथरीन मॅकॉली हिचे जन्मसाल आता बहुधा १७७८ धरले जाते, जुन्या चरित्रांत ते बरेच नंतरचे आढळते. वारशाने आलेल्या पैशातून तिने डब्लिनच्या बॅगट रस्त्यावर घर बांधले. २४ सप्टेंबर १८२७ रोजी उघडलेल्या त्या घरात गरीब मुलींची शाळा आणि काम शोधणाऱ्या स्त्रियांसाठी निवारा होता, म्हणजे भाकरी आणि पाटी एका छपराखाली होती. १२ डिसेंबर १८३१ रोजी धर्मसंघाची स्थापना झाली आणि १० वर्षांनी, ११ नोव्हेंबर १८४१ रोजी, मॅकॉलीचे निधन झाले. स्त्रियांना शिक्षण देण्याइतके समाजहिताचे दुसरे सत्कर्म नाही, हा विचार संघाच्या नियमावलीत आहे. मात्र ती नियमावली प्रेझेंटेशन या आधीच्या धर्मसंघाच्या नियमांवर आधारलेली असल्याने हा विचार सर्वस्वी मॅकॉलीचा मानताना सावधगिरी बाळगावी लागते. १८४३ मध्ये फ्रान्सिस वॉर्ड व तिच्या सहकारी भगिनी अमेरिकेत पिट्सबर्गला गेल्या. संघाने तेथे उभारलेल्या शाळा-महाविद्यालयांतून पुढे काही विद्यापीठे झाली. पेनसिल्व्हेनियातील १९२४ मध्ये स्थापन झालेल्या एका संस्थेने तर ‘मिझेरिकॉर्दिया’ हेच नाव धारण केले आहे.

तिसरे मत असे की ‘मूल्य’ ही भाषाच अलीकडची आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा शिक्षणविषयक जाहीरनामा १९६५ चा, पोप जॉन पॉल दुसरे यांचे ईश्वरी दयेवरील परिपत्रक १९८० चे आणि कॅथलिक विद्यापीठांविषयीची त्यांची घटना, म्हणजे नियम घालून देणारा दस्तऐवज, १५ ऑगस्ट १९९० ची. या तीन दस्तऐवजांआधी दयेला विद्यापीठाच्या ध्येयवाक्यात बसवण्याची गरज कोणाला भासल्याचे फारसे दिसत नाही. कल्पना मध्ययुगीन, संस्थात्मक घडण एकोणिसाव्या शतकातील आणि शब्दावली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, असे तिन्ही मतांचे सांधे जुळवता येतात. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०१५ ते २० नोव्हेंबर २०१६ हे दयेचे ज्युबिली वर्ष पाळले, त्यानंतर ही शब्दावली अधिक प्रचारात आली.

उत्तर कोकण व ठाणे परिसर : ठाण्याचा लॅटिन ख्रिस्ती जगाशी संबंध जुना आहे. १३२१ मध्ये येथे चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले, हे जॉर्डानस आणि ओडोरिक या त्या काळी भारतात आलेल्या धर्मप्रचारकांच्या वृत्तांतांवरून ज्ञात आहे. पोर्तुगीज काळात, १४९८ मध्ये लिस्बनला स्थापन झालेल्या मिझेरिकॉर्दिया या दयासंस्थेच्या शाखा गोव्यात आणि वसईतही होत्या. तिच्या १५१६ च्या नियमपत्रिकेचा आधारच चौदा कृत्यांची यादी आहे. म्हणजे अज्ञाला शिकवणे हे दयेचे कृत्य आहे ही कल्पना या किनाऱ्यावर त्या संस्थेबरोबर आली, असे म्हणण्यास जागा आहे. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे व १७३९ मध्ये वसई घेतल्यावर ही संस्थात्मक मालिका खंडित झाली. तिच्यापासून आजच्या महाविद्यालयांपर्यंत सरळ रेघ ओढण्याचा मोह टाळावा.

नवी मुंबईत वाशी येथील फादर कॉन्सेसाओ रॉड्रिग्ज तंत्रज्ञान संस्था (स्थापना १९९४) हे कॅथलिक उच्च शिक्षणाचे ठळक उदाहरण. ती अग्नेल आश्रमाच्या धर्मगुरूंनी चालवलेल्या शिक्षण संकुलाचा भाग असून मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. संकुलाला ज्यांचे नाव आहे ते गोव्यातील पिलार संघाचे फादर अग्नेल डिसोझा (१८६९–१९२७) यांना १९८६ मध्ये ‘व्हेनरेबल’, म्हणजे वंदनीय, घोषित करण्यात आले.

कायद्याची चौकट : संविधानाचा अनुच्छेद ३०(१) अल्पसंख्याकांना स्वतःच्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क देतो. अनुच्छेद २८(३) अन्वये शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही संमतीवाचून धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घेण्यास भाग पाडता येत नाही. त्यामुळे भारतात करुणामूल्यांना धर्मशिक्षणाचा तास म्हणून सर्वांवर लादण्याची वाट बंद आहे. ती शिकवण्याच्या रीतीतूनच दिसावी लागतात, आणि व्यापक अर्थाला हे उलट पोषकच ठरले आहे.

अध्यापन : अभ्यासक्रम विद्यापीठाचा असतो तेथे शिक्षकाची मोकळीक मुख्यतः रीतीत असते. के.टी. लागलेल्या, म्हणजे एखादा विषय राहून पुढच्या वर्गात गेलेल्या, विद्यार्थ्याशी कसे बोलावे, मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी व्याख्यान कितपत पोचते, वसतिगृहाची खाणावळ परवडत नसलेला मुलगा मागच्या बाकावर का पेंगतो, हे प्रश्न येथे येतात. उपाशी माणसाविषयीचे अक्वायनसचे उत्तर त्यांपैकी शेवटच्याला थेट लागू पडते. सढळ गुणदान मात्र या अर्थाने करुणा नव्हे, कारण न कळलेला विषय कळला असे लिहून देणे न्यायाला धरून नाही. ज्याला आपण ‘ग्रेस’ म्हणतो ते नियमाने, पात्र ठरणाऱ्या प्रत्येकाला मिळणारे वाढीव गुण असतात. त्या इंग्रजी शब्दाचा धर्मशास्त्रीय अर्थ कृपा हाच असला, तरी दोहोंचा संबंध नावापुरताच.

संशोधन : येथे करुणेचा प्रश्न विषयनिवड आणि पद्धत असा दुहेरी आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या ती आगरी-कोळी गावे, येऊरच्या पाड्यांवरील वारली कुटुंबे, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कंत्राटी कामगार आणि खाडीतील मासेमार हे या परिसरात सहज समोर येणारे विषय आहेत. त्यांच्यावर प्रबंध लिहिला, पण निष्कर्ष त्यांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत गेले नाहीत, तर दुःख पाहिले गेले, साहाय्य झाले नाही, आणि ऑगस्टीनच्या व्याख्येचा उत्तरार्ध अपुरा राहिला. सहभागी व्यक्तींची माहितीपूर्ण संमती ही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील किमान अट आहे आणि करुणामूल्यांचा आग्रह तिच्या पलीकडचा असतो. पोप फ्रान्सिस यांनी १ सप्टेंबर २०१६ रोजी पृथ्वीची, म्हणजे आपल्या सामायिक घराची, काळजी हे चौदा कृत्यांना जोडून घ्यावे असे सुचवले. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेली ठाणे खाडी त्यामुळे केवळ पर्यावरणशास्त्राचा विषय राहत नाही.

नेतृत्व : अमेरिकेतील अशा विद्यापीठांत संस्थेचे ध्येय जपण्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याची पद्धत आहे. भारतात ती जबाबदारी बहुधा संचालक धर्मगुरू किंवा धर्मभगिनींवर असते. पोपच्या १९९० च्या घटनेनुसार कॅथलिक विद्यापीठात कॅथलिक नसलेल्या शिक्षकांचे बहुमत होऊ देऊ नये. जेथे शिक्षक आणि विद्यार्थी दोन्ही बहुतांशी अन्य धर्मांचे आहेत अशा संस्थांना हा दंडक पाळणे कठीण जाते. मात्र हे नियम स्थानिक परिस्थितीनुसार लागू करण्याचे काम त्याच घटनेने बिशपांच्या परिषदांवर सोपवले आहे.