घरमाशी आणि बाष्पनशील तेले

घरमाशी (मस्का डोमेस्टिका) हुसकावण्यासाठी किंवा मारण्यासाठी गवती चहा, सिट्रोनेला, निलगिरी, पुदिना, लवंग, ओवा यांची वाफेवर काढलेली बाष्पनशील, म्हणजे हवेत उडून जाणारी, तेले वापरतात. निंबोळीचे तेल दुकानात याच रांगेत असले तरी ते या गटातले नव्हे. कागदावर एकेक थेंब टाकून पाहावे: निलगिरीचा डाग उडून जातो, निंबोळीचा तसाच राहतो.

डीडीटी या कीटकनाशकाचा वापर सर्रास सुरू झाला आणि १९४७ च्या सुमारासच त्याला न जुमानणाऱ्या माश्या युरोपात आढळल्या. पुढच्या औषधांचेही तेच झाले. वनस्पतींच्या तेलांकडे लक्ष वळले ते म्हणूनच.

निलगिरीतील सिनिऑल, लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल हे घटक वाफेच्या रूपाने माशीच्या श्वासरंध्रांतून आत शिरतात आणि तिच्या मज्जासंस्थेत बिघाड करतात. काही घटक ऑक्टोपामीन या संदेशवाहकाच्या कामात अडथळा आणतात. कीटकांत त्याचे काम मोठे, माणसात नगण्य. बंद बरणीत तेलाचा बोळा ठेवला, की माशीच्या पायांची पकड सुटते, ती उताणी पडते आणि पंख फडफडवत जागच्या जागी गरगरते.

गोठा म्हणजे बरणी नव्हे. उघड्यावर वाफ वाऱ्याबरोबर जाते आणि काही तासांत माश्या परततात. ज्या उडण्याच्या गुणामुळे तेल माशीपर्यंत पोचते, त्याच गुणामुळे ते टिकत नाही. शिवाय मादी आयुष्यात पाचशेपर्यंत अंडी घालते आणि उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. शेजारचा उकिरडा तसाच ठेवून ओट्यावर तेल पुसणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे. तेल पाण्यात मिसळतही नाही. साबणासारखे काही घालून ढवळले नाही, तर फवाऱ्यातून आधी पाणी येते आणि तेल वर तरंगत राहते.

अमेरिकेत १९९६ पासून लवंग, पुदिना, गवती चहा यांची तेले आणि जिरॅनिऑल हा सुगंधी तेलांतील घटक यांना कीटकनाशक म्हणून संघीय नोंदणीतून सूट आहे. ही सूट धोका कमी म्हणून आहे, परिणामाची हमी म्हणून नव्हे; जाहिरातीत मात्र हा फरक पुसला जातो. जिरॅनिऑल हाच खानदेशातील रोशा गवताच्या (तिखाडी) तेलाचा मुख्य घटक. हे तेल पूर्वी मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जाई आणि तिकडे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई.

‘नैसर्गिक’ असली तरी ही तेले पातळ न करता त्वचेला लावल्यास आग होते, आणि मांजराच्या यकृताला त्यांतील युजेनॉल, थायमॉल यांसारखे फिनॉलवर्गीय घटक नीट पचवता येत नाहीत.