रुग्णसुरक्षा (नागपूरच्या दवाखान्यांतली)

रुग्णसुरक्षा म्हणजे पेशंट ज्या आजारासाठी भरती झाला तो सोडून दवाखान्यामुळेच त्याला दुसरं काही होऊ नये म्हणून केलेली सगळी व्यवस्था. चुकीचं इंजेक्शन, भलत्या बाजूचं ऑपरेशन, सलाईन लावलेल्या जागेत पू होणं, बेडवरून पडणं, पडून राहून पाठीला झालेल्या जखमा, नको त्या गटाचं रक्त, हे सगळं यात येतं. वॉर्डात सगळे पेशंट सेफ्टीच म्हणतात, 'रुग्णसुरक्षा' हा शब्द भिंतीवरच्या फलकापुरता. डॉक्टर हुशार असला की झालं असा लोकांचा समज असतो, पण घोळ बहुतेक वेळा पेशंट एका हातातून दुसऱ्या हातात जाताना होतो, काय सांगितलं आणि काय सांगायचं राहून गेलं त्यात.

आणि नागपुरात हे हात जरा जास्तच बदलतात. मेयो (1862 पासूनचं, कागदावर आता इंदिरा गांधी शासकीय), मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं, 1947), डागा (बायकांचं सरकारी), मिहानमधलं एम्स, वरून धंतोली-रामदासपेठेतली गल्लोगल्लीची हॉस्पिटलं, आणि पेशंट येतो गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, छिंदवाडा, बालाघाटवरून. म्हणजे आधी गावचा डॉक्टर, मग तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, मग जिल्ह्याचं, मग इथं, प्रत्येक ठिकाणची वेगळी चिठ्ठी आणि सगळ्या गोळ्या एका प्लास्टिकच्या थैलीत. चांगल्या वॉर्डात सिस्टर भरतीच्या वेळी ती थैली सरळ बेडवर उलटी करते आणि गोळ्यांचा एकेक पत्ता वाचत बसते, कारण बीपीच्या दोन पत्त्यांवर कंपनीची नावं वेगळी आणि आतलं औषध तेच असं निघतं, आणि पेशंट दोन्ही इमानदारीने खात असतो. याला दहा मिनिटं लागतात, म्हणूनच गर्दीत हे आधी सुटतं.

ओळख पटवणं ही दुसरी साधी वाटणारी गोष्ट. नियम असा की नाव आणि आयपीडी नंबर (भरतीच्या वेळी मिळालेला) दोन्ही पाहायचे, बेड नंबरवर भरोसा नाही, बेड रात्रीतून बदलतात. 'तुम्ही रामभाऊ ना?' असं विचारलं तर कमी ऐकू येणारा म्हातारा 'हो जी' म्हणून मोकळा होतो, तो शामराव असला तरी. म्हणून विचारायचं 'बाबा, नाव सांगा तुमचं'. फरक एवढाच, पण रक्ताची पिशवी लावायच्या आधी हा फरक फार मोठा असतो.

औषधांत सगळ्यात जपायची इन्सुलिन आणि पोटॅशियम क्लोराइड. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या, एका मिलीत 40 युनिटवाली आणि 100 वाली, आणि सिरिंजही दोन, 40 ची लाल टोपीची, 100 ची केशरी. 100 च्या बाटलीतलं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 10 च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात जातात 25 युनिट. मग रक्तातली साखर एकदम खाली जाऊन पहाटे पेशंट घामाने भिजलेला आणि नातेवाईक म्हणतात, 'आज चांगली झोप लागली जी त्यांना'. पोटॅशियमची 10 मिलीची अँप्यूल दिसायला साध्या पाण्यासारखी, पातळ न करता शिरेत ढकलली तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून ती वॉर्डाच्या ट्रेमध्ये ठेवायचीच नसते, कुलपात ठेवायची. हे लिहिलेलं सगळीकडे आहे, पण कुलपाची किल्ली कोणाकडे हे रात्री दोन वाजता विचारून पाहा.

ऑपरेशनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये 19 मुद्द्यांची यादी आणली, भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट बाहेर न्यायच्या आधी असं तीनदा थांबून मोठ्याने वाचायची. आठ शहरांत (त्यात दिल्ली होती) ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं, हे 2009 मध्ये छापून आलं. सगळे टिक एकदमच मारून ठेवले तर मात्र तो फक्त कागद.

हात धुणं, सुया पांढऱ्या डब्यात, दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलणं, हे सगळ्यांना पाठ असतं.

इथला खास धोका म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात पारा 45 च्या वर, खिडकीला कूलर, त्यात बादलीने पाणी भरताना फरशीवर सांडतं आणि रात्री बाथरूमला उठलेली म्हातारी नेमकी तिथेच घसरते. वायर लोंबकळत असेल तर शॉकचीही भीती. विजेचा विषय निघाला की इकडे भंडाऱ्याची आठवण निघतेच, 9 जानेवारी 2021 ला तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून 10 बाळं गेली.

सरकारी योजना भरपूर आहेत, स्वच्छतेसाठी कायाकल्प (2015), प्रसूतिगृहासाठी लक्ष्य (2017), शिवाय दवाखान्यांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएचचं मानांकन, जे देशातल्या एम्समध्ये सगळ्यात आधी नागपूरच्या एम्सने मिळवलं. तपासणीच्या आठवड्यात चादरी नव्या दिसतात असा टोमणा लोक मारतात, तो अगदीच खोटा नाही, पण त्या निमित्ताने रजिस्टरं तरी सुरू होतात.

रजिस्टरचीच खरी गोम आहे. औषधाचा उलटा परिणाम झाला तर 1800-180-3024 वर कोणीही कळवू शकतं, पेशंटसुद्धा, पण वॉर्डातली चूक लिहायची तर हात अडखळतो. थोडक्यात टळलेली चूक एखाद्या सिस्टरने लिहिली आणि तिलाच मेमो मिळाला की पुढचं वर्षभर ते रजिस्टर कोरं, आणि मीटिंगमध्ये कोरं रजिस्टर दाखवून सगळे खूश. माझी आत्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात होती तेव्हा रात्री आठच्या शिफ्ट बदलाला 'जेवली नाही' हे सांगायचं राहिलं आणि इन्सुलिन मात्र वेळेवर दिलं गेलं. पहाटे पाचला फरशी पुसणाऱ्या मावशीने पाहिलं की बाईचा गाऊन ओला आहे, तिनेच सिस्टरला हाक मारली, साखर देऊन आत्या सावरली. नंतर जो फॉर्म भरला त्यात डॉक्टर, सिस्टर, नातेवाईक सगळ्यांच्या सह्या होत्या, मावशीसाठी रकानाच नव्हता.