डॅशबोर्डचा कप्पा अडकलाय? पेचकस बाजूला ठेवा, आधी करंट बघू

कंपनीचं माहितीपुस्तक, विम्याचा कागद, चाकाच्या लॉक नटचं सॉकेट, कुणाचा तरी जुना चष्मा. हे सगळं ज्या कप्प्यात असतं, तोच एके दिवशी उघडत नाही. तो कसा उघडायचा हे पुस्तकात लिहिलेलं असतं आणि पुस्तक आत असतं. आमच्या दुकानात या कामासाठी गाडी आली की बहुतेक वेळा कप्प्याच्या कडेला पेचकसाचे ओरखडे आधीच पडलेले असतात. म्हणून हे पत्रक छापलं. बिलासोबत देतो, गाडीत ठेवा. फक्त कप्प्यात ठेवू नका.

जुन्या गाड्यांत दांडी ओढली की हुक सुटायचा, तिथे विजेचा संबंधच नव्हता. आता वरच्या किमतीच्या बऱ्याच गाड्यांत दांडी नसते, बटण असतं. बटण दाबलं की आतली छोटी मोटर किंवा कॉइल क्षणभर हुक मागे ओढते आणि झाकण खाली येतं. जॅग्वार एक्सएफमध्ये तर बटणही नव्हतं, पट्टीवरच्या ठरावीक जागेला बोट लावायचं. टेस्लात कप्पा स्क्रीनवरून उघडतो. टेस्लाने 2025 च्या जुलैत मुंबईत शोरूम उघडलं, पण आमच्या दारात अजून एकही आलेली नाही. दिसायला छान, पण करंट गेला की या सगळ्या सारख्याच: दाबा, चोळा, काही होत नाही.

आधी कान लावा

गाडी अनलॉक करा, इग्निशन ऑन करा, रेडिओ आणि एसी बंद करा. कप्प्याजवळ कान नेऊन कुणाला तरी बटण दाबायला सांगा.

स्पष्ट 'टक' ऐकू आलं तर करंट पोचतोय, हुक अडकलाय. बारीक 'टिक-टिक' आलं, किंवा डॅशवरचे दिवे मंद होत असतील, तर बॅटरी डाउन आहे. काहीच आवाज नाही, पण हॉर्न आणि लाइट जोरात असतील, तर फ्यूज, बटण किंवा वायर बघायची. आणि गाडीत कसलाच जीव नसेल तर कप्प्याला दोष देऊ नका, तो बिचारा करंटची वाट बघतोय.

काही गाड्यांत कप्प्याला वेगळं लॉक किंवा पिन असतं. पार्किंगवाल्याला किल्ली देताना घरातल्या कुणी ते लावून ठेवलं असेल, तर आधी घरातच विचारा. दुकानात येऊन हे कळलं की आम्हालाही पैसे मागायला लाज वाटते.

टक आवाज येतो, पण उघडत नाही

कप्पा ठासून भरलेला असला की आतलं सामान झाकणाला बाहेर ढकलतं, हुकावर ताण येतो आणि एवढ्याशा मोटरला तो सुटत नाही. तळहाताने झाकण हुकाच्या बाजूला आत दाबून धरा आणि तसंच धरून बटण दाबा. ओढू नका, आत ढकला. सुटलं की हात हळूच काढा.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. होटगी रोडवरच्या एका मंगल कार्यालयाबाहेर गाडी सकाळपासून उन्हात उभी होती, दरवाजा नीट न लागल्याने आतला दिवा दिवसभर चालू. संध्याकाळी बॅटरी संपलेली आणि आहेराची सगळी पाकिटं कप्प्यात. नवरदेवाचे मामा स्वयंपाकघरातून उलथनं घेऊन आले होते. आम्ही जंपर (दुसऱ्या बॅटरीवरून करंट देणारी केबल) लावला, दिवे आले, पण कप्पा नुसता टक करून गप्प. मग वर लिहिलंय तसं झाकण आत दाबलं आणि तो उघडला. पाकिटं निघाली आणि हुकाच्या खाचेत चपटी झालेली शेंगा चटणीची पुडीही निघाली. तेल हुकावर उतरलं होतं, त्यावर धूळ बसून काळा लगदा झाला होता. सोलापूरच्या गाडीत चटणी नको असं आम्ही म्हणणार नाही. डब्यात ठेवा, पुडीत नको.

बॅटरी डाउन असेल तर

पूर्ण चार्ज झालेली चांगली बॅटरी गाडी बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. 12.2 ला ती अर्धी झालेली असते आणि 12 च्या खाली गेली की सेल्फ लागायचा भरवसा नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 42-43 ला जातो. त्या उष्णतेने आतल्या प्लेटा लवकर झिजतात आणि पाणी घालायच्या बॅटरीचं पाणीही आटतं. थंडीत गाडी सुरू झाली नाही की लोक थंडीला नावं ठेवतात, बॅटरी मात्र मे मध्येच खराब झालेली असते.

रिमोट चालत नाही म्हणून दरवाजाच उघडत नसेल, तर रिमोटच्या पोटात लोखंडी किल्ली असते, छोटी कळ दाबून ती निघते. ड्रायव्हरच्या दरवाजाला तिचं भोक असतं, काही गाड्यांत ते टोपीखाली लपवलेलं असतं. बॉनेटची दोरी बहुतेक गाड्यांत साधी तारेची असते, तिला वीज लागत नाही.

बॉनेट उघडलं आणि बॅटरी दिसली नाही तर घाबरू नका. अनेक मोठ्या गाड्यांत ती दिक्कीत असते आणि दिक्कीही विजेवरच उघडते. अशा गाड्यांत बॉनेटखाली जंपर लावायला वेगळी जागा दिलेली असते. लाल टोपीखाली प्लस, आणि मायनससाठी जवळच इंजिनाचा किंवा बॉडीचा धातूचा खुंटा.

केबल लावताना आधी लाल: संपलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळी: चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक तुमच्या गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ पेट घेणारा वायू असू शकतो, म्हणून लांब. काढताना बरोबर उलट क्रम.

ट्रकवरून जंपर नको. पुणे रोडला मोहोळच्या पुढे गाडी बंद पडली की मदतीला पहिला थांबतो तो ट्रकवालाच, माणूस भला असतो. पण मोठ्या ट्रकला 24 व्होल्ट असतात, तुमच्या गाडीला 12. कप्पा उघडायच्या नादात गाडीचा ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जळाला तर ते बिल आम्हालाही सांगवत नाही. शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर चालेल, तो सहसा 12 व्होल्टचाच असतो. तरी बॅटरीवरचा आकडा वाचा.

करंट आला की कप्पा लगेच उघडून घ्या, गाडी सुरू होण्याची वाट बघू नका. बऱ्याचदा इंजिन फिरवण्याइतका जोर नसतो, पण या मोटरला थोडा करंट पुरतो.

फ्यूज

लाल 10 अँपिअरचा, निळा 15 चा, पिवळा 20 चा. आतली तार तुटलेली दिसली तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. मोठा घालू नका, चांदीचा कागद तर अजिबात नाही. काही गाड्यांत फ्यूजची पेटी याच कप्प्याच्या मागे असते. हे ज्याने ठरवलं त्याला आम्हाला एकदा भेटायचंय.

एवढं करूनही उघडला नाही तर हात लावू नका

इथून पुढचं काम आमच्याकडे द्या. समोरच्या सीटची एअरबॅग याच डॅशमध्ये असते, काही गाड्यांत गुडघ्यासाठीची कप्प्याच्या खालीच असते. एअरबॅगच्या पिवळ्या प्लगच्या वायरला टेस्ट लॅम्प (करंट तपासायचा दिवा) लावणं म्हणजे स्वतःच्या तोंडासमोर फटाका धरणं. आम्ही आधी बॅटरीचं मायनस काढतो, कंपनीने सांगितलेला वेळ थांबतो, मग प्लास्टिकच्या पट्टीने डॅशच्या बाजूचं किंवा खालचं झाकण काढतो. तिथून हुकाच्या मोटरचा प्लग सोडवतो आणि फक्त मोटरला, गाडीच्या वायरिंगला नाही, दुचाकीच्या लहान 12 व्होल्ट बॅटरीवरून फ्यूज लावून क्षणभर करंट देतो. जास्त वेळ धरला तर कॉइल जळते.

लोखंडी पेचकसाने कड उचकटणं सोपं वाटतं. सुरुवातीच्या काळात आमच्याही हातून एक झाकण तुटलं होतं. बिजागरीपासून उभा तडा गेला आणि ते अख्खं नवं बसवावं लागलं, पैसे आमचे. झाकण सुटं मिळत नव्हतं, पूर्ण कप्पाच घ्यावा लागला.

तोपर्यंत कागदपत्रांचं काय?

पोलिसांनी अडवलं आणि आरसी कप्प्यात अडकली असेल तर मोबाइलवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली दाखवा. 2018 पासून ती मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहे. त्या ॲपमध्ये आजच घालून ठेवा, गाडी बंद पडल्यावर रस्त्यावर ओटीपीची वाट बघत बसू नका.

गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा. टर्मिनलला पांढरी बुरशी आली असेल तर खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुऊन पुसून घ्या, हाताला लागू देऊ नका.

दुकान सात रस्त्याजवळ, नंबर मागच्या शिक्क्यात आहे. गाडी हलत नसेल तर फोन करा, आम्ही जंपर घेऊन येतो. काम किती पैशात होईल ते हात लावायच्या आधी सांगू. येताना गाडीची दुसरी किल्ली सोबत असू द्या. ती कप्प्यात असेल तर तसं फोनवरच सांगा.