आरसी बगी : पुढच्या सस्पेन्शनची जुळणी

रिमोटवर चालणाऱ्या बगीच्या किटमधील सुट्या भागांतून पुढची दोन चाके चॅसिसला जोडणारी, धक्के झेलणारी आणि चाकांना वळू देणारी यंत्रणा उभी करण्याचे काम. येथील वर्णन १/१० मापाच्या (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाच्या), बॅटरीवरच्या, फक्त मागची चाके ओढणाऱ्या बगीला धरून केले आहे. १/८ मापात पिना आणि बेअरिंगे जाड होतात, पण रीत तीच राहते. खेळण्यांच्या दुकानात तयार मिळणाऱ्या गाड्यांना यातले थोडेच लागू पडते, कारण त्यांच्यात शॉकअपच्या जागी बहुधा नुसती स्प्रिंग असते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत बगी जिथे पळते ती जमीन म्हणजे कापूस निघून गेलेले काळ्या मातीचे शेत किंवा गिरणा-पांझरेचे कोरडे पात्र. पहिल्यात ढेकळे आणि कपाशीचे तंतू, दुसऱ्यात बारीक वाळू, आणि मे महिन्यात दोन्हीकडे ४५ अंशांच्या घरातले ऊन. किटसोबतच्या पुस्तिकेतली मापे असे ऊन आणि अशी माती डोळ्यांसमोर ठेवून दिलेली नसतात. जुळणी करताना काही ठिकाणी ती बदलावी लागतात.

घडण

चॅसिसच्या नाकाशी बल्कहेड हा ठोकळा असतो. त्याच्या दोन्ही अंगांना बिजागरीसारखे खालचे आर्म लटकतात आणि बिजागरीची सळई म्हणजे हिंज पिन, बहुधा ३ मिमी जाडीची. आर्मच्या बाहेरच्या टोकाला कॅस्टर ब्लॉक, त्याच्या जबड्यात चाकाचा ॲक्सल धरणारी स्टिअरिंग नकल, आणि नकल जिच्याभोवती वळते ती किंगपिन. ट्रॅक्टरच्या पुढच्या ॲक्सलची किंगपिन बदललेल्या मिस्तरीला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. वर दुसरा आर्म नसतो. त्याचे काम कॅम्बर लिंक ही बारीक दांडी करते. बल्कहेडवर उभी असलेली पाटी म्हणजे शॉक टॉवर. शॉकअपचे वरचे टोक तिला आणि खालचे टोक आर्मला बसते.

ही घडण सुरुवातीपासून नव्हती. जपानी कंपनी तामियाच्या १९७९ सालच्या सँड स्कॉर्चर या बगीचे पुढचे सस्पेन्शन फोक्सवॅगन बीटलच्या धर्तीवर ट्रेलिंग आर्मचे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या आर्मचे, होते. अमेरिकी कंपनी टीम असोसिएटेडच्या १९८४ सालच्या आरसी१० या बगीमध्ये आडवे आर्म, लांबी बदलता येणाऱ्या दांड्या आणि तेलाचे शॉकअप एकत्र आले, आणि आजच्या बग्यांची सर्वसाधारण मांडणी तीच आहे.

हत्यारे

१.५, २ आणि २.५ मिमीचे ॲलन पाने, ५.५ आणि ७ मिमीचे नट ड्रायव्हर, टोकदार पक्कड, व्हर्नियर आणि बारीक पॉलिश पेपर. तामियाच्या किटमधले चौफुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात. घरातला नेहमीचा पेचकस त्यात पूर्ण बसत नाही आणि दोन-तीन वेळांत डोके खाऊन टाकतो.

आर्म आणि पिना

आर्म नायलॉनचे असतात. नायलॉन हवेतली ओल धरून ठेवते आणि त्या ओलीमुळेच ते लवते. खान्देशातल्या कोरड्या उन्हाळ्यात महिनोन्‌महिने पडून असलेला आर्म ठिसूळ होतो आणि पहिल्या धडकेत पिनेच्या भोकापाशी तुटतो. उपाय सोपा आहे: जुळणीआधी आर्म, कॅस्टर ब्लॉक आणि नकल उकळत्या पाण्यात २० ते ३० मिनिटे ठेवावेत आणि त्याच पाण्यात निवू द्यावेत. कार्बन फायबरचा शॉक टॉवर किंवा बेअरिंग या भांड्यात टाकू नये.

साच्यातून निघालेल्या आर्मच्या भोकात प्लॅस्टिकची बारीक कोर राहिलेली असते. ३ मिमीचा ड्रिल बिट हाताने, मशीनने नव्हे, फिरवून ती काढावी. पिन आर्ममध्ये घालून आर्म आडवा धरून सोडला, तर तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. संपूर्ण जुळणीची कसोटी हीच आहे, आणि पुढचा प्रत्येक भाग चढवल्यावर ती पुन्हा घ्यायची असते. आर्म अडखळत असेल तर पिन घासून बारीक करू नये, भोक मोकळे करावे. पिन बारीक झाली की खेळ पडतो आणि तो मागे घेता येत नाही. पुढे-मागे खेळ असेल तर ०.१ किंवा ०.२ मिमीचे वायसर घालून तो कमी करावा. संपवू मात्र नये. कागदाच्या जाडीइतका राहू द्यावा.

पिनेला ग्रीस लावण्याचा मोह होतो. लावू नये. ग्रीसमध्ये माती बसली की तिची घासणारी लुगदी होते आणि महिनाभरात भोक अंडाकृती होते. पिना कोरड्याच चालतात.

प्लॅस्टिकमध्ये जाणारे स्क्रू स्वतःचे आटे पाडत जातात. प्रत्येक स्क्रू दोन फेरे आत, अर्धा फेरा मागे असा न्यावा, टोकाला चिमूटभर साबण लावावा. उघडलेला स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवावा. ‘टक्’ असे हलके बसल्याचे जाणवले की मग सुलटा पिळावा, म्हणजे तो जुन्याच आट्यांत जातो. हे न केल्याने तिसऱ्या-चौथ्या वेळी आटे जातात. लॉकटाइट, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव, फक्त धातूत धातू असेल तिथे, थेंबभर. प्लॅस्टिकला त्याचा उपयोग नाही आणि काही जातींचे प्लॅस्टिक त्याने तडकते.

नकल आणि चाक

कॅस्टर ब्लॉक डावा-उजवा वेगळा असतो आणि त्यावर अक्षर कोरलेले असते. किंगपिनचे वरचे टोक मागे कललेले असावे लागते, म्हणजे गाडी आपोआप सरळ धावते. ब्लॉक अदलाबदल झाले तर हा कल कमी होतो किंवा बिघडतो, गाडी सरळ रेषेत भरकटते आणि माणूस उगाच रिमोटच्या ट्रिमशी (स्टिअरिंगचा मध्य जुळवणाऱ्या बटणाशी) झगडत बसतो.

किंगपिनचे स्क्रू घट्ट करून नकल हाताने वळवून बघावे. जड वाटले तर पाव फेरा सैल करावा. आवळलेल्या नकलीला वळवताना सर्व्हो, म्हणजे स्टिअरिंगची छोटी मोटर, सतत जोर लावतो, तापतो आणि बॅटरीही लवकर उतरवतो. सर्व्हो जळाल्याच्या तक्रारीत आधी हे स्क्रू तपासावेत.

नकलीत प्रत्येकी दोन बेअरिंगे. अनेक बग्यांत ती ५×१०×४ मिमी मापाची असतात, तामियाच्या बऱ्याच किटमध्ये ५×११×४. बेअरिंगच्या दुकानात अनुक्रमे एमआर१०५ आणि एमआर११५ हे क्रमांक सांगावेत. मोटार-पंपांची बेअरिंगे विकणाऱ्या दुकानात ही बारकी मापे बहुधा ठेवलेली नसतात, मागवावी लागतात. स्वस्त किटमध्ये बेअरिंगऐवजी प्लॅस्टिकचे बुश येतात. वाळूत ते टिकत नाहीत, तेव्हा पहिल्याच जुळणीत बदलणे शहाणपणाचे. पत्र्याच्या झाकणापेक्षा रबरी सीलचे बेअरिंग थोडे जड फिरते, पण इथल्या धुळीत तेच घ्यावे. कपाशीचे तंतू चाक आणि बेअरिंग यांच्यामधल्या ॲक्सलला गुंडाळले जातात आणि सील उचकटतात. दर दोन-तीन फेऱ्यांनंतर चाक काढून चिमट्याने ते ओढून काढावेत.

चाकाचा नट नायलॉन कडीचा असतो. चाक अडकेपर्यंत तो आवळावा, मग चाक मोकळे होईपर्यंत किंचित मागे घ्यावा.

टर्नबकल

कॅम्बर लिंक आणि टाय रॉड (नकल वळवणारी दांडी) या दोन्ही दांड्यांच्या एका टोकाला सुलटे, दुसऱ्याला उलटे आटे असतात. त्यामुळे दोन्ही टोके न काढता मधला भाग फिरवून लांबी बदलता येते. उलट्या आट्यांच्या बाजूला बहुतेक कंपन्या खाच पाडतात. ती खाच सर्व दांड्यांत गाडीच्या एकाच बाजूला ठेवावी, नाहीतर मैदानावर घाईत कोणती दांडी कुठे फिरवायची याचा गोंधळ होतो.

पुस्तिकेत दांडीची आकृती बऱ्याचदा खऱ्या मापाची असते आणि दांडी तिच्यावर ठेवून लांबी जुळवायची असते. पीडीएफवरून छापलेला कागद मात्र पानात बसवताना थोडा लहान होतो. मोबाइलच्या पडद्याचे तर मापच नाही. व्हर्नियरने आकड्यातली लांबी घ्यावी आणि डावी-उजवी तंतोतंत सारखी ठेवावी.

बॉल कप (दांडीच्या टोकाची वाटी) बॉलवर दाबून बसवल्यावर तो सहज डुलला पाहिजे. घट्ट असेल तर पक्कडीने बाहेरून हलके दाबून सोडावा.

शॉकअप

सर्वात नाजूक काम हे, आणि घाई इथेच होते. शाफ्टच्या टोकाला दोन ई-क्लिपांमध्ये पिस्टन बसतो. शाफ्ट ओ-रिंगमधून घालताना आट्यांचे टोक ओ-रिंग कापते; म्हणून शाफ्टला सिलिकॉन तेल लावून सावकाश, फिरवत घालावा. शाफ्ट साध्या पक्कडीने धरला तर ओरखडा पडतो, आणि त्या ओरखड्यातून तेल कायमचे पाझरत राहते.

पिस्टन खाली ओढून शॉकअपची बॉडी तेलाने काठोकाठ भरावी, पिस्टन हळूहळू वरखाली करून बुडबुडे वर आणावेत, मग शॉकअप उभा ठेवून दहा मिनिटे थांबावे. बुडबुडे गेल्यावर वर रबरी पडदा ठेवावा, शाफ्ट अर्धा आत असताना झाकण लावावे आणि जादा तेल बाहेर येऊ द्यावे. तयार शॉकअपचा शाफ्ट पूर्ण दाबून सोडला की तो दोन्ही बाजूंना सारखाच परत आला पाहिजे. एक पाव भाग आला आणि दुसरा अर्धा, तर एकात तेल जास्त आहे. दाबताना ‘चुळचुळ’ आवाज आला तर आत हवा आहे, पुन्हा भरावा. दोन्ही शॉकअपची डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी व्हर्नियरने मोजावी. ०.२ मिमीपेक्षा जास्त फरक चालवू नये.

तेलाच्या बाटलीवर दाटपणाचा आकडा वेट किंवा सेंटिस्टोक या मापात असतो. वेटचा आकडा कंपनीगणिक बदलतो, सेंटिस्टोकवर भरवसा ठेवावा. ३० वेट म्हणजे साधारण ३५० सेंटिस्टोक, ४० वेट म्हणजे साधारण ५००. हा आकडा २५ अंश तापमानाचा असतो. ४५ अंशांवर सिलिकॉन तेलाचा दाटपणा जवळपास एक तृतीयांश कमी होतो, म्हणजे ३५० चे तेल २४० च्या आसपास वागते. पुस्तिकेत ३० वेट सांगितले असेल तर जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात ४० वेट भरले की पुस्तिकेला हवा तोच दाटपणा हाती येतो. थंडीत सकाळी गाडी चालवायची तर परत ३० वर यावे. मोटारसायकलच्या फोर्कचे तेल किंवा इंजिन ऑइल मात्र भरू नये. खनिज तेलाने सिलिकॉनच्या ओ-रिंग फुगतात आणि शॉकअप जाम होतो.

मापे

बॅटरीसह गाडी वीतभर उंचीवरून सपाट फळीवर सोडावी आणि ती जिथे स्थिरावेल तिथे मोजमाप घ्यावे. पुढचे आर्म जमिनीला समांतर किंवा किंचित खाली झुकलेले असावेत. खडबडीत शेतात चॅसिसखाली २४ ते २६ मिमी अंतर पुरते. कॅम्बर, म्हणजे चाकाचा माथा आत कललेला असणे, १ ते २ अंश. टो-आउट, म्हणजे वरून पाहता चाकांची पुढची टोके बाहेर उघडलेली असणे, सुमारे १ अंश. स्प्रिंगची रिंग दोन्ही बाजूंना सारखीच फिरवावी. एका बाजूची उंची जुळत नाही म्हणून फक्त तीच रिंग वाढवू नये. बहुतेक वेळा त्या बाजूचा आर्म अडकलेला असतो आणि स्प्रिंगने तो दोष झाकला जातो.

बिघाड

गाडी एकाच बाजूला ओढते : त्या बाजूचे शॉकअप सोडवून आर्म पडतो का ते पाहावे. उडी मारून उतरल्यावर नाक आपटते : तेल पातळ झाले आहे किंवा शॉकअप गळतो आहे. चाक दाबले की आपोआप थोडे वळते : टाय रॉड आणि आर्म समांतर नाहीत. बॉल स्टडखाली (बॉल कप ज्यावर बसतो त्या बॉलच्या खुंटीखाली) १ मिमीचे वायसर घालून किंवा काढून पाहावे.

पावसाळ्यात ओली काळी माती चाकाच्या आत आणि आर्मखाली थापली जाते, वाळली की विटेसारखी होते आणि आर्म वर येऊच देत नाही. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतल्यास ती बेअरिंगात शिरते. माती आधी सुकू द्यावी, लाकडी काडीने फोडून काढावी आणि मग कोरड्या ब्रशने झटकावी. नदीपात्रातून आल्यावर सगळ्यात आधी शॉकअपचा शाफ्ट पुसावा, कारण वाळूचा एक कण ओ-रिंगमध्ये गेला की पुढच्या प्रत्येक हालचालीत तो शाफ्ट कोरत राहतो. शाफ्ट झाकणारे रबरी बूट मिळत नसतील तर फुग्याचा तोंडाकडचा तुकडा शाफ्टवर चढवून काम भागते. तो दर महिन्याला बदलावा लागतो.