कमीत भागवणारी शैवालं

प्रेरणादायी भाषणांत ‘आउटकम्पीट’ हे क्रियापद आलं की पडद्यावर हमखास सिंह येतो, हरणाच्या मानेत दात रुतवलेला. पण ती शिकार झाली. सिंहाची हरणाशी स्पर्धा नसतेच. परिसंस्थाशास्त्रात हे क्रियापद वापरतात ते एकाच अन्नावर जगणाऱ्या दोन जातींपैकी एक दुसरीला हटवते तेव्हा, आणि त्यात बरेचदा कुणी कुणाला शिवतही नाही. ‘बळी तो कान पिळी’ हाच निसर्गनियम म्हणून खपवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

रशियन शास्त्रज्ञ गाउजे यांनी १९३४ साली पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जातींवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ऑरेलिया आणि कॉडेटम वेगवेगळ्या नळ्यांत मजेत वाढल्या. एकत्र ठेवल्यावर कॉडेटम घटत घटत नाहीशी झाली.

कोण टिकणार हे ठरतं कशावर? याचं अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड टिलमन यांनी दिलेलं उत्तर मला विलक्षण सुंदर वाटतं. डायटम या सूक्ष्म शैवालांना कवचासाठी पाण्यातलं सिलिकेट लागतं. प्रयोगाच्या भांड्यात सिलिकेट असलेलं पाणी ठरावीक प्रमाणात घालत राहतात आणि तेवढंच पाणी काढून घेतात. त्या पाण्याबरोबर काही पेशीही जातात. अ‍ॅस्टेरिओनेला ही डायटम एकटी असताना वाढत जाते तसं सिलिकेट उतरतं. शेवटी एक पातळी अशी येते, की जेवढ्या पेशी नव्याने होतात तेवढ्याच कमी होतात. या पातळीला ‘आर-स्टार’ म्हणतात. सिनेड्रा या दुसऱ्या डायटमचा आर-स्टार उबदार पाण्यात याहून खाली असतो. दोघी एकत्र आल्या की सिनेड्रा सिलिकेट स्वतःच्या पातळीपर्यंत खाली ओढते. तेवढ्यात तिचं भागतं. अ‍ॅस्टेरिओनेलाच्या मात्र होणाऱ्या पेशींपेक्षा जाणाऱ्या जास्त होतात आणि ती संपते. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असंच दिसलं. मुबलक अन्नात कोण झपाट्याने वाढतं याने इथे निकाल लागत नाही; कमीत कमी अन्नात कोण तग धरतं याने लागतो.

टंचाई दोन गोष्टींची असली तर? अ‍ॅस्टेरिओनेला कमी फॉस्फेटमध्ये भागवते, सायक्लोटेला ही आणखी एक डायटम कमी सिलिकेटमध्ये. दोन्ही क्षारांचं प्रमाण मधलं ठेवलं तेव्हा एकीला फॉस्फेट कमी पडत नव्हतं, पण सिलिकेट पडत होतं, दुसरीचं नेमकं उलट, आणि दोघीही त्याच भांड्यात टिकून राहिल्या.